माहेर नसलेल्यांचे माहेर

दरवर्षी ३ जानेवारी उजाडला की महाराष्ट्रातील शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांचे स्मरण होते. पुण्या-मुंबईच्या शाळांत, तसेच वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडील जिल्हा परिषदेच्या शाळांतही नऊवारी नेसलेल्या लहान मुली हातात पाटी घेऊन उभ्या राहतात. अंगावर पडणारे शेणाचे गोळे, शाळेत गेल्यावर बदलण्यासाठी पिशवीत नेलेले दुसरे लुगडे, भिडे वाड्यातील मुलींची शाळा या आठवणी भाषणांतून सांगितल्या जातात. पहिली शिक्षिका म्हणून सावित्रीबाईंची ही प्रतिमा खरी आहे आणि ती तशी राहायलाही हवी. मात्र या प्रतिमेच्या प्रकाशात त्यांच्या आयुष्यातील एक मोठे काम झाकोळून गेले. समाजाने पाठ फिरविलेल्या गरोदर मुली, त्यांची नको झालेली बाळे, गावाच्या रोषाला सापडलेली तरुण जोडपी आणि दुष्काळात पोरकी झालेली मुले यांना त्यांनी आधार दिला. ते काम शाळेच्या वर्गात झाले नाही, राहत्या घरात झाले. त्यासाठी पगार नव्हता, पद नव्हते आणि मागे सरकारही नव्हते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. त्या वेळी जोतीराव तेरा वर्षांचे होते. जोतीरावांच्या आईचे निधन ते अगदी लहान असतानाच झाले होते आणि त्यांचा सांभाळ मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी केला होता. सगुणाबाई एका मिशनऱ्याकडे अनाथ मुलांना सांभाळण्याच्या कामावर होत्या. परक्याच्या मुलाला जीव लावणे म्हणजे काय, हे या घराने सगुणाबाईंच्या रूपाने जवळून पाहिले होते. पुढे सावित्रीबाईंच्या हातून जे घडले त्याचे एक मूळ येथे सापडते.

जोतीरावांनी पत्नीला लिहावाचायला शिकविले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांच्या शिकविण्याने बिरादरीत खळबळ माजली. समाजाच्या दडपणापुढे जोतीरावांच्या वडिलांचा निरुपाय झाला आणि १८४९ मध्ये या पतिपत्नींना घर सोडावे लागले. सासरचे दार बंद झाल्यावर माणूस कोठे जातो, हा प्रश्न सावित्रीबाईंनी वयाच्या अठराव्या वर्षी स्वतः अनुभवला. पुढच्या चार-पाच वर्षांत शाळा वाढल्या, त्यात अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींच्या शाळांची भर पडली. १८५२ मध्ये सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार केला, तर १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. येथवरची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते.

यानंतरची कहाणी कळण्यासाठी त्या काळच्या पुण्यातील एका प्रथेकडे पाहावे लागते. ब्राह्मण व अन्य उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. नवरा पुष्कळदा वयाने बराच मोठा असे. रोगराईच्या त्या दिवसांत तो दगावला, की वयात येण्यापूर्वीच मुलगी विधवा होई. केशवपन, एकवेळचे जेवण आणि घरातील कोपरा हे तिचे उर्वरित आयुष्य. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली. पण कागदावरचा कायदा आणि वाड्यातला रिवाज यांची गाठ पडत नव्हती. अशा निराधार मुलीला घरातल्याच अथवा शेजारच्या एखाद्या पुरुषाने फसविले आणि ती गरोदर राहिली, तर तिच्यापुढे तीनच वाटा उरत. विषारी औषधे घेऊन गर्भ पाडायचा, जन्मलेल्या बाळाचा जीव घ्यायचा, नाही तर स्वतः विहीर जवळ करायची. फसविणारा पुरुष मात्र उजळ माथ्याने वावरत असे.

असाच एक प्रसंग फुले दांपत्याच्या परिचितांच्या घरात घडला. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. ती चांगल्या घरची, शालीन वागणुकीची मुलगी होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिला नादी लावले आणि ती गरोदर राहिली. शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून तिने गर्भपातासाठी नाना औषधे घेतली. पण उपयोग झाला नाही. दिवस भरल्यावर तिला मुलगा झाला. अब्रूच्या भयाने तिने त्या तान्ह्या जिवाला मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला पकडले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या प्रकरणी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली असेल. फुले पतिपत्नी मात्र हळहळून थांबले नाहीत. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याची जाहिरात छापून ब्राह्मणवस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटविण्यात आली. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे की येथेच ठेवावे हे त्यांनी आपल्या मर्जीप्रमाणे ठरवावे, मागे राहिलेल्या मुलांचा सांभाळ हे गृह करील, असा तिचा आशय होता. त्या काळात अशी जाहिरात भिंतीवर लावणे म्हणजे सनातन्यांना उघड आव्हान होते. ज्या घरांची अब्रू झाकण्यासाठी ही व्यवस्था होती, त्याच घरांतून तिच्यावर सर्वांत अधिक दोषारोप झाले असतील, याची कल्पना सहज करता येते.

या घराचा कारभार सावित्रीबाईंकडे होता. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जायचे, अशी रीत आहे. ओटी भरून तिला नेले जाते, डिंकाचे लाडू होतात, शेकशेगडी होते, बाळाला न्हाऊमाखू घातले जाते आणि सव्वा महिन्यानंतर ती सासरी परतते. या मुलींच्या वाट्याला यातले काहीच येणार नव्हते. ज्या घरात त्या जन्मल्या त्याच घराला त्यांचे तोंड पाहायचे नव्हते. रात्रीच्या अंधारात, डोक्यावरून पदर ओढून त्या गंजपेठेत येत. तेथे त्यांना सांभाळणारी, बाळंतपणात जवळ बसणारी आणि बाळाला पदराखाली घेणारी बाई माळी समाजातली होती. ज्या जातींत शिवाशिवीचे नियम इतके कडक होते, त्या जातींतल्या मुली तिच्या हातचे अन्न खाऊन बाळंतपणातून उठत. जातिभेदाविरुद्ध कितीएक व्याख्याने झाली असतील; पण गंजपेठेतल्या त्या खोल्यांत जे घडले त्याचे मोल निराळे आहे.

या गृहाचा हिशेब जोतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये सरकारला सादर केलेल्या निवेदनात दिला आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवर टिपणे प्रसिद्ध केली होती, त्यांवर मत देताना त्यांनी तो मांडला. तोवर ३५ गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या बाळांपैकी जगलेली केवळ पाच. उरलेली ३० बाळे दगावली. गर्भारपण लपविण्यासाठी आयांनी आधी जी विषारी औषधे घेतली असावीत, त्यांनी पोटातच झालेल्या इजांमुळे ती दगावली, असे जोतीरावांनी नमूद केले आहे.

सावित्रीबाईंच्या गौरवपर भाषणांत ३५ हा आकडा आवर्जून येतो. ३० हा आकडा सहसा येत नाही. वास्तविक या कामाचे खरे स्वरूप त्यातूनच कळते. गंजपेठेचे दार उघडे होते. पण तेथवर पोहोचेपर्यंत मुलींनी घरच्या घरी सर्व उपाय करून पाहिलेले असत. भीती त्यांना उशिरा आणत होती. म्हणजे वीस वर्षे सावित्रीबाईंनी जे काम केले त्यात यशाचे क्षण थोडे होते. बहुतेक वेळा आई वाचली आणि बाळ गेले, असेच घडले. मृत बाळाला मूठमाती द्यायची, त्याच्या आईला धीर द्यायचा आणि पुढची मुलगी येईल तेव्हा तितक्याच मायेने दार उघडायचे. याला जो धीर लागतो तो शेणामातीचा मारा सोसण्याच्या धीरापेक्षा अधिक चिवट असावा. लोकांपुढे झालेला अपमान निदान लोकांना दिसतो. या घरातले दुःख कोणाला सांगण्याचीही सोय नव्हती, कारण गुप्तता हेच त्या घराचे वचन होते. लोकवर्गणीही नव्हती. सारा खर्च पतिपत्नी स्वतःच्या कमाईतून करीत होते.

हा मायेचा हात केवळ त्या घरापुरता नव्हता. ऑगस्ट १८६८ मध्ये सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात एका घटनेचा वृत्तांत आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरत असे. शारजा नावाच्या महार समाजातील तरुण मुलीशी त्याचे प्रेम जुळले. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे उघड झाले, तेव्हा गाव खवळला. दोघांना धरून, मारहाण करीत, गावातून मिरवीत नेऊन ठार मारण्याचा बेत होता. सावित्रीबाईंना हे कळताच त्या धावत तेथे गेल्या. इंग्रजांच्या राज्यात खून केल्यास काय परिणाम होतील, याचे भय त्यांनी जमावाला घातले. गावकऱ्यांनी मारण्याचा बेत सोडला. मात्र दोघांनी गाव सोडून जावे, असा हट्ट धरला. दोघांनी ते मान्य केले. सावित्रीबाईंनी त्या घाबरलेल्या जोडप्याला धीर दिला आणि पत्रासोबत पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.

या प्रसंगात पुष्कळ काही सामावलेले आहे. जमावापुढे त्यांनी प्रेमाचे अथवा समतेचे प्रवचन मांडले नाही. त्या क्षणी दोन जीव वाचविणे महत्त्वाचे होते आणि त्यासाठी जे शस्त्र उपयोगी पडेल ते, म्हणजे कायद्याचा धाक, त्यांनी उचलले. शिवाय जीव वाचल्यावर ते दोघे जाणार कोठे, हा पुढचा प्रश्नही त्यांनी सोडविला. संकटात सापडलेल्या तरुणांना वाचविणे म्हणजे आधी त्यांना तेथून बाहेर काढणे आणि मग उभे राहायला जागा देणे, ही दोन्ही कामे आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दोघांच्या वागण्याची उलटतपासणी त्यांनी केली नाही.

१८७४ च्या सुमारास गंजपेठेतल्या घरी एक ब्राह्मण विधवा बाळंत झाली. तिचा मुलगा वाचला. सावित्रीबाई आणि जोतीरावांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या मुलाला आपले मानले, त्याचे नाव यशवंत ठेवले. आश्रमात मूल सांभाळणे वेगळे आणि त्याला आपले नाव, आपला वारसा देणे वेगळे. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात यशवंतला वारस केले. त्याला त्यांनी शिकविले, पुढे तो डॉक्टर झाला. त्याच्या लग्नाची वेळ आली तेव्हा विधवेच्या मुलाला आपली मुलगी कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हा विवाह झाला.

मधल्या काळात महाराष्ट्राने १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पाहिला. जुन्नर भागात सत्यशोधक कार्यकर्त्यांनी मदतकार्य उभारले, तेव्हा सावित्रीबाई ओतूर येथे होत्या. तेथून एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी पाण्यावाचून तडफडणारी जनावरे, गाव सोडून निघालेली माणसे आणि सावकारांचा जाच यांचे वर्णन केले आहे. दुष्काळात सर्वांत आधी हाल होतात ते मुलांचे. आईबाप अन्नाच्या शोधात निघतात, वाटेत मरतात आणि मुले मागे राहतात. अशा मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडी येथे बालाश्रम काढण्यात आला. तेथे मुलांना रांधून घालण्याचे काम सावित्रीबाई आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रियांनी उचलले. कोणाच्या जातीची चौकशी न करता भाकरी वाढणाऱ्या या स्त्रियांना आजच्या भाषेत स्वयंसेविका म्हणावे लागेल.

गंजपेठेसारख्या घराची गरज इतरांनाही पटत होती. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपूर येथे अशाच निराधार बालकांसाठी आश्रम काढला. पुढे पंडिता रमाबाई आणि महर्षी कर्वे यांनी विधवांसाठी संस्था उभ्या केल्या. या वाटेवरचे पहिले पाऊल एका शाळा शिकविणाऱ्या बाईने स्वतःच्या ओसरीवर टाकले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत पुढे टिटवे धरण्याचा मान वारसाचा. यशवंतच्या जन्माचा विषय पुढे आणून भाऊबंदांनी त्याला हरकत घेतली. ज्या मुलाला या घराने नाव दिले, त्याच्या कपाळी त्या दिवशीही जन्माचा डाग लावण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती धरून अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. एका हिंदू स्त्रीने पतीच्या अंत्ययात्रेत टिटवे धरणे त्या काळी अघटित होते. या घटनेकडे स्त्रीस्वातंत्र्याचा प्रसंग म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण मुलाच्या हक्कासाठी उभी राहिलेली आई म्हणूनही तिच्याकडे पाहायला हवे.

पुढे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी सांभाळली. १८९३ मध्ये सासवड येथील परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. दुसऱ्या वर्षी साथ भडकली. घरोघर झडत्या सुरू झाल्या, भयाने नातेवाईक रुग्णांना टाकून पळू लागले. यशवंत लष्करात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. वय सहासष्ट, तरीही रुग्णांना आणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. बाळंतिणींच्या खोलीत सुरू झालेले काम एका परक्या मुलाला पाठीवर घेऊन संपले.

सावित्रीबाईंनंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांनी भिंतीवर चिकटविलेल्या जाहिरातीतील विचार आता कायद्याच्या भाषेत आला आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मूल सांभाळणे अशक्य झालेल्या आईला ते बाल कल्याण समितीकडे सोपविता येते, फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते आणि तिची ओळख गुप्त राखणे यंत्रणेवर बंधनकारक असते. महाराष्ट्र शासनाची आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलांसाठीची बालसंगोपन योजना क्रांतिज्योती सावित्रीबाईंच्याच नावाने चालते. बालविवाहाला कायद्याने बंदी आहे. ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक, अशी रचना गावपातळीवर केलेली आहे.

तरीही दार आणि त्यामागची भीती यांतील अंतर पुरते मिटलेले नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आरोग्य, पोषण आणि शिक्षण हे त्या यादीचे महत्त्वाचे निकष होते. अशा जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावर, एखाद्या आडगावात शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न ठरत आहे, याची कुणकुण प्रथम लागते ती अंगणवाडी सेविकेला. कोवळ्या वयातील गरोदर मुलीला दवाखान्यात नेते ती आशा स्वयंसेविका. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या स्त्रिया त्याच गावच्या असतात, त्यांच्या कामाला पगार नसतो, मोबदला असतो. मुलीच्या घरच्यांचा राग ओढवून घेऊन पुन्हा त्याच गल्लीत राहण्याचे धैर्य त्यांना दाखवावे लागते. नायगावात जमावापुढे उभे राहिलेल्या बाईची ही आजची भावंडे आहेत. अल्पवयीन मुलगी गरोदर राहिल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे आवश्यक असते. हेतू संरक्षणाचा आहे. पण पोलिसांचे नाव ऐकून घरचे लोक मुलीला दवाखान्यात नेण्याचे टाळतात आणि गावठी उपायांकडे वळतात, ही भीतीही खरी आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा मुलीच्या गर्भपाताबाबत कळविताना, तिची व पालकांची विनंती असल्यास, डॉक्टरांनी तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले.

गंजपेठेत दगावलेली ती ३० बाळे हेच सांगत होती. दार उघडे असून भागत नाही. ते उघडे आहे आणि आत गेल्यावर आपल्याला कोणी दूषण देणार नाही, याचा विश्वास मुलीला वेळेत वाटला पाहिजे. सावित्रीबाईंनी जाहिरात भिंतींवर चिकटविली ती याचसाठी. सरकारी योजना, कायदे आणि समित्या यांना आता तोटा नाही. त्या दारापर्यंत घाबरलेल्या मुलीचा हात धरून नेणारी ओळखीची बाई गावात असणे, तिच्या कामाची कदर होणे आणि तिच्या मागे गाव उभा राहणे, यावर पुढचे अवलंबून आहे. ३ जानेवारीला शाळेत पाटी धरून उभ्या राहणाऱ्या मुलींना भिडे वाड्याची गोष्ट सांगताना गंजपेठेतल्या त्या खोल्यांचीही गोष्ट सांगायला हवी.